आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन: रक्त चढवल्याने आजार उलटतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईचं वय ६१, वजन पन्नास किलो. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात कॅन्सरची गाठ निघाली आहे, हिमोग्लोबिन ७.६ आहे आणि ऑपरेशन तीन आठवड्यांनी आहे. सर्जननी दोन पिशव्या रक्ताची सोय करायला सांगितली आहे. रक्त दिलं की आतड्याचा कॅन्सर परत येतो, असं तुमच्या वाचनात आलं. भाऊ म्हणतो, बाहेरचं रक्त नकोच, माझा ग्रुप जुळतोय, मीच देतो. मग रक्त घ्यायचं की नाही, आणि घ्यायचं तर कुणाचं?

मी भूलतज्ज्ञ आहे. पोटाच्या ऑपरेशनमध्ये सर्जनचं लक्ष आतड्यात असतं. रक्त किती गेलं, रुग्णाला ते सोसतंय का, पिशवी लावायची की थांबायचं, हे पडद्याच्या डोक्याकडच्या बाजूला ठरतं. त्या बाजूने जे दिसतं ते सांगते.

आधी सरळ उत्तर. खरी गरज पडली तर रक्त घ्या, मागेपुढे पाहू नका. पण गरज पडायच्या आतच रक्त भरून ठेवू नका. तुमच्यापुढचा महत्त्वाचा प्रश्न रक्त द्यायचं की नाही हा नाहीच. हातात असलेल्या तीन आठवड्यांत आईचं लोह भरून काढायला कधी सुरुवात करताय, हा आहे. आणि भावाचं रक्त थेट आईला नको. त्याचं कारण पुढे सांगते.

रक्ताने कॅन्सर उलटतो ही भीती आली कुठून, ते बघू. तिची सुरुवात कॅन्सरपासून झालीच नाही, मूत्रपिंडापासून झाली. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ओपेल्झ आणि तेरासाकी यांच्या गटाने एक उलटंच निरीक्षण मांडलं. मूत्रपिंड बसवण्याआधी ज्या रुग्णांना परक्याचं रक्त मिळालं होतं, त्यांच्या शरीराने नवं मूत्रपिंड जास्त काळ स्वीकारलं. म्हणजे परकं रक्त प्रतिकारशक्तीला थोडं ढिलं करतं. प्रत्यारोपणात हे फायद्याचंच होतं, आणि पुढे सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं येईपर्यंत काही ठिकाणी मुद्दाम रक्त दिलंही जायचं. पण प्रतिकारशक्ती ढिली होत असेल, तर पोटात राहून गेलेल्या चार कॅन्सरपेशींना मोकळं रान मिळणार नाही का? १९८१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका पत्रात हा प्रश्न विचारला गेला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बरोज आणि टार्टर यांनी आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांची आकडेवारी मांडली: ज्यांना रक्त मिळालं, त्यांच्यात आजार जास्त उलटला.

तेव्हापासून या विषयावर ढीगभर अभ्यास झाले. २००६ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) ३६ अभ्यास आणि बारा हजारांहून जास्त रुग्ण होते. रक्त मिळालेल्यांत आजार उलटण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर १.४२ निघालं (१ म्हणजे काहीच फरक नाही). २०१२ मध्ये ॲचेसन आणि सहकाऱ्यांनी ५५ अभ्यास एकत्र केले, वीस हजारांवर रुग्ण. त्यातही तेच: आजार उलटणं, मृत्यू, संसर्ग, पुन्हा ऑपरेशनची वेळ येणं, सगळंच रक्त मिळालेल्यांत जास्त. तुम्ही वाचलंत ते बहुधा यातलंच काहीतरी असणार. आकडे खोटे नाहीत. पण कॉक्रेनवाल्यांनीच सांगून ठेवलं आहे की यावरून रक्त हेच कारण असं सिद्ध होत नाही.

का होत नाही? रक्त मिळतं कुणाला ते बघा. ज्याची गाठ मोठी, जी शेजारच्या अवयवाला चिकटलेली, ऑपरेशन तीनऐवजी सहा तास चाललेलं, जो आधीच अशक्त, वय जास्त, हृदय अधू, त्याला. बहुतेक वेळा आधीपासून हिमोग्लोबिन कमी असलेल्याला. यातली प्रत्येक गोष्ट रक्ताशिवायही निकाल बिघडवते. पाऊस पडला की छत्र्या उघडतात म्हणून छत्र्यांनी पाऊस पडतो असं आपण म्हणत नाही, पण आकडेवारी नुसती वाचली तर तेच म्हणून बसतो. संशोधक गणिताने हे घटक वजा करायचा प्रयत्न करतात. स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने रुग्णांच्या सारख्यास सारख्या जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा रक्ताचा जगण्यावरचा परिणाम जवळजवळ पुसला गेला. इतर काही अभ्यासांत थोडा उरला.

यातला माझ्या मते सगळ्यात बोलका अभ्यास नेदरलँड्सचा आहे, १९९३ सालचा. आतड्याच्या कॅन्सरचे ४७५ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला गरज पडली तर नेहमीचं, दात्याचं रक्त. दुसऱ्या गटाने ऑपरेशनआधी स्वतःचंच रक्त काढून ठेवलं होतं, गरज पडली तर तेच परत द्यायचं. परकं रक्त हाच दोषी असता, तर दुसरा गट स्पष्टपणे सरस ठरायला हवा होता. तसं झालं नाही. दोन्ही गटांत आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. पण खरी मेख पुढे आहे. ज्यांना रक्ताची गरजच पडली नाही त्यांच्याशी तुलना केली, तर दात्याचं रक्त मिळालेल्यांत आजार उलटण्याचा दर २.१ पट होता, आणि स्वतःचंच रक्त मिळालेल्यांत १.८ पट. स्वतःच्या रक्ताने प्रतिकारशक्ती ढिली होण्याचं तसं कारण नाही. म्हणजे या आकड्याचा मोठा वाटा पिशवीतल्या रक्ताचा नसून, रक्ताची वेळ ज्यामुळे आली त्या परिस्थितीचा आहे.

वाद इथे मिटला असं मात्र नाही. दुसऱ्याच वर्षी म्युनिकच्या एका लहान अभ्यासात उलटा कौल आला. तिथे परक्या रक्ताच्या गटात आजार जास्त उलटला. प्रयोगशाळेतही थोडाफार आधार सापडतो: साठवलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यांच्यातून सुटणारी रसायनं, कॅन्सरपेशी मारणाऱ्या नॅचरल किलर पेशींचं मंदावणं. त्यामुळे परिणाम शून्य आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. असलाच तर लहान आहे. आईच्या बाबतीत आजार उलटणं न उलटणं प्रामुख्याने ठरेल ते गाठ कोणत्या टप्प्यात आहे, सर्जनने किती नीट आणि किती लसिकाग्रंथींसह काढली, आणि गरज असेल तर केमो वेळेवर सुरू झाली का, यावर.

संसर्गाबद्दल मात्र मी जास्त सावध असते. ॲचेसनच्या आकड्यांत संसर्गाचं गुणोत्तर तीनच्या वर होतं. तिथेही आधीची परिस्थिती हे कारण आहेच, पण पुरावा जरा जास्त ठोस आहे. डेन्मार्कमध्ये १९९६ साली पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त आणि न गाळलेलं रक्त यांची थेट तुलना झाली, आणि गाळलेल्या रक्ताने जखमेचा संसर्ग कमी झाला. संसर्गाचं प्रकरण जखमेपाशी संपत नाही. आतडं जोडलेली जागा उसवली, पोटात पू झाला, की रुग्ण तीन-चार आठवडे मागे पडतो. केमो लांबते, आणि केमो लांबली की तिचा फायदा घटतो. रक्ताने कॅन्सर उलटण्याची एखादी खरी वाट असेल, तर ती प्रतिकारशक्तीच्या गूढ गोष्टींपेक्षा या साध्या रस्त्याने जाते असं माझं मत आहे.

म्हणून ब्लड बँकेत एवढं विचारा: पॅक्ड सेल, म्हणजे नुसत्या लाल पेशींची पिशवी, मिळतील ना, आणि त्या ल्युकोडिप्लिटेड, म्हणजे पांढऱ्या पेशी गाळलेल्या, आहेत का. कॅनडा आणि ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी सरसकट सगळंच रक्त गाळून द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच ब्लड बँकांकडे मिळतं, पैसे जास्त पडतात. रक्त साठवण्याआधीच गाळलेलं असेल तर उत्तम. ते नसेल तर पिशवीच्या नळीला लावायचा फिल्टर मिळतो, तो दुय्यम पर्याय. आणि होल ब्लड मागू नका. लहान गावांत अजून “अख्खं रक्त” मागवायची सवय आहे. आईला लाल पेशींची गरज आहे, बाकीच्या पाण्याची आणि पांढऱ्या पेशींची नाही.

आता मुख्य मुद्दा. हिमोग्लोबिन ७.६ झालं कसं?

मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात मळ पातळ असतो आणि जागा ऐसपैस. गाठ वाढली तरी बरेच दिवस अडत नाही, दुखत नाही. ती रोज थोडं थोडं पाझरते, रक्त मळात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. बाई दमते, जिना चढताना धाप लागते. घरचे म्हणतात वय झालं, डॉक्टर टॉनिक देतात. (पाळी थांबलेल्या बाईचं किंवा कुठल्याही वयाच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं, तर टॉनिकच्या आधी आतडं तपासायला हवं. हे मी जमेल तिथे सांगत असते, इथेही सांगते.) महिनोन्‌महिने असं रक्त गेलं की शरीरातलं लोह संपतं. कारखाना चालू आहे, कच्चा माल नाही. रक्ताची पिशवी म्हणजे तयार माल बाहेरून आणणं. लोह देणं म्हणजे कारखाना पुन्हा चालू करणं.

किती लोह लागेल याचा हिशेब असतो. वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. आईसाठी लक्ष्य १३ धरलं तर ५० × ५.४ × २.४ म्हणजे ६४८, अधिक ५००. साधारण ११५० मिलिग्रॅम. आता १०० मिलिग्रॅमच्या गोळीतून चांगल्या परिस्थितीत दहा-पंधरा मिलिग्रॅम आत शिरतं. कॅन्सरमध्ये शरीरात दाह असतो, त्यामुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं आणि ते आतड्याचं दारच अर्धं लावून घेतं. म्हणजे गोळ्यांनी ही तूट भरायला महिने लागतील. तुमच्याकडे एकवीस दिवस आहेत. बीट, खजूर, डाळिंब, गूळ-शेंगदाणे जरूर द्या, आईला बरं वाटेल, पण या हिशेबात त्यांचा वाटा चिमूटभरच.

म्हणून शिरेतून लोह. आपल्याकडे दोन प्रकार जास्त वापरात आहेत. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, ज्याला वॉर्डात सगळे एफसीएम म्हणतात: पन्नास किलो वजनाला एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत, पंधरा-वीस मिनिटांत जातं, लागलं तर आठवड्याने उरलेला डोस. आयर्न सुक्रोज स्वस्त, पण एका वेळी २०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच-सहा फेऱ्या. तुम्ही तालुक्याच्या गावाहून येणार असाल तर गाडीभाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी आणि आईची दमछाक धरून हिशेब करा, एफसीएम फार महाग वाटणार नाही. हे दवाखान्यात घ्यायचं, घरी सलाईन लावणाऱ्याकडून नव्हे, कारण क्वचित तीव्र ॲलर्जी येते. संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं. अंगात ताप किंवा संसर्ग असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत देत नाहीत.

त्याआधी सीबीसीबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह) या तपासण्या करून घ्या. रिपोर्टवर फेरिटिन “नॉर्मल” छापून आलं म्हणून हुरळून जाऊ नका. दाह असला की फेरिटिन खोटं वाढतं. ते शंभरच्या खाली आणि सॅच्युरेशन वीस टक्क्यांच्या खाली असेल, तर कॅन्सरच्या रुग्णात आम्ही लोहाची कमतरता आहे असंच धरतो. बी१२ सुद्धा बघा, विशेषतः घर शाकाहारी असेल तर.

लोह दिलं की किती चढेल? ब्रिटनमध्ये आतड्याच्या कॅन्सरच्याच ११६ रुग्णांवर गोळ्या विरुद्ध शिरेतलं लोह अशी तुलना झाली. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत शिरेतल्या लोहाने हिमोग्लोबिन साधारण दीडने वाढलं, गोळ्यांनी अर्ध्याने. नेदरलँड्सच्या २०२३ च्या अभ्यासात ऑपरेशनच्या वेळी फार फरक दिसला नाही, पण ऑपरेशननंतर महिन्याने शिरेतून लोह मिळालेल्यांपैकी साठ टक्क्यांचं हिमोग्लोबिन नॉर्मलला आलं होतं, गोळ्या घेणाऱ्यांपैकी एकवीस टक्क्यांचं.

इथे एक गोष्ट लपवणार नाही. प्रिव्हेंट नावाचा मोठा ब्रिटिश अभ्यास २०२० मध्ये आला, ४८७ रुग्ण, पोटाची मोठी ऑपरेशनं. शिरेतून लोह दिल्याने रक्त चढवण्याचं प्रमाण कमी झालं नाही. मृत्यूही नाही. लोहाच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा चांगलाच दणका होता. मग मी तरी लोह का सांगते? एक तर त्या अभ्यासातल्या बहुतेकांचं हिमोग्लोबिन अकराच्या आसपास होतं. सात-आठवर असलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा आहे. दुसरं, लोह मिळालेल्यांचं हिमोग्लोबिन पुढच्या काही महिन्यांत चांगलं राहिलं आणि त्यांना पुन्हा दाखल करावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. ऑपरेशन झाल्यावर केमोला उभं राहायचं असेल तर ते महिने महत्त्वाचे असतात. शरीराला लाल पेशी बनवायला लावणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं मात्र स्वतःहून मागू नका. कॅन्सरमध्ये ती जपून वापरायची असतात, रक्ताच्या गाठी होऊन शिरा बंद पडण्याचा धोका वाढतो.

आता टेबलावरचं गणित. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात सव्वातीन लिटर रक्त असतं. उजव्या बाजूचं आतडं काढताना, सगळं सुरळीत असेल तर, बहुतेक वेळा दोन-तीनशे मिलिलिटरच्या आत काम होतं. दुर्बिणीतून केलं तर आणखी कमी. पण कधी एखादी मोठी शीर सुटते आणि लिटरभर जातं. समजा लिटरभर गेलं. आई १२.५ वर असती तर ती नऊच्या आसपास येईल, रक्ताची गरज बहुधा नाही. साडेनऊवर असेल तर सातपाशी येईल, म्हणजे उंबरठ्यावर. आणि ७.६ वर गेली असेल तर साडेपाच. तिथे पिशवीवाचून इलाज नाही, आणि तीही घाईत.

त्या घाईचं चित्र सांगते. सिस्टर रक्त टिपायचे भिजलेले मॉप एकेक करून वजनकाट्यावर ठेवते, कोरड्या मॉपचं वजन वजा करते. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. सक्शनच्या बरणीत आठशेची रेघ दिसते, त्यातून सर्जनने पोट धुवायला ओतलेलं सलाईन वजा. उरतं ते रक्त. नाडी ११० च्या वर, दाब उतरतोय, मॉनिटरवरची रेघ थोडी दबलेली. मी सर्जनला विचारते, “सर, अजून जाणार आहे का?” ते म्हणतात, “दोन मिनिटं द्या, शीर हातात आहे.” त्या दोन मिनिटांत शीर बांधली गेली, तर पिशवी फ्रीजमध्येच राहते. नाही, तर लावते. आधी दोन जणांनी पिशवीवरचा नंबर, ग्रुप, मुदत आणि रुग्णाच्या मनगटावरची पट्टी मोठ्याने वाचून जुळवायची. कितीही घाई असली तरी हे गाळायचं नाही, कारण रक्तातले जीवघेणे अपघात संसर्गाने कमी आणि चुकीच्या माणसाला चुकीची पिशवी लागल्याने जास्त होतात.

रक्त कमी जावं म्हणून आम्ही बरंच काही करतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे त्यातलं जुनं, स्वस्त औषध. २०२२ मध्ये साडेनऊ हजार रुग्णांच्या अभ्यासात त्याने मोठा रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आणला. ते आईला चालेल का, हे भूलतज्ज्ञांना विचारा. शिरांमध्ये रक्ताच्या गाठी झाल्याचा इतिहास असेल तर आधीच सांगा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर तेही सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मग रक्त द्यायचं कधी? १९९९ मध्ये कॅनडाच्या आयसीयूंमध्ये झालेल्या अभ्यासाने जुनी “दहाच्या खाली आलं की द्या” ही सवय मोडली. आज स्थिर रुग्णात सात, हृदयविकार असेल तर आठ, हा सर्वसाधारण उंबरठा आहे. आकड्याबरोबर माणूसही बघतात: छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, उभं राहिल्यावर चक्कर, नाडी शांत न होणं. याच्या उलट जाणारा पुरावाही आहे. ब्राझीलमध्ये कॅन्सरच्या पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आयसीयूत आलेल्या १९८ रुग्णांत सातचा उंबरठा आणि नऊचा उंबरठा अशी तुलना झाली, २०१५ मध्ये. मोठी गुंतागुंत सातवाल्या गटात ३५.६ टक्के, नऊवाल्यात १९.६ टक्के. अभ्यास एका केंद्रातला आणि लहान आहे, पण तो विसरता येत नाही. म्हणून आईचे डॉक्टर आयसीयूत आठवर एक पिशवी लावायला निघाले, तर सातचा नियम दाखवून त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना समोर आई दिसत असते.

तुमच्या सर्जननी दोन पिशव्यांची सोय करायला सांगितलं आहे, याचा अर्थ दोन पिशव्या चढणारच असा नाही. क्रॉसमॅच करून, म्हणजे आईच्या रक्ताशी जुळवून, रक्त हाताशी ठेवणं वेगळं, चढवणं वेगळं. सोय करा, नाही म्हणू नका. चढवायची वेळ आली तर एक पिशवी द्यावी, हिमोग्लोबिन आणि रुग्ण पुन्हा बघावा, मग दुसरीचं ठरवावं, हीच आता रीत आहे. एक पिशवी साधारण एक ग्रॅमने चढवते. “एक कशाला, जोडी लावा” ही जुनी पद्धत होती, तिला आधार नाही. लोह देऊनही ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आई साडेसात-आठवरच अडकली, तर आधी एक पिशवी देऊन घेणं मला गैर वाटत नाही. ती टेबलावरच्या घाईपेक्षा बरी.

आता भाऊ. त्याची भावना समजते, आणि हा प्रश्न मला भुलीआधीच्या तपासणीच्या खोलीत नातेवाईक इतक्या वेळा विचारतात की मी वाटच बघत असते. जवळच्या रक्ताच्या नात्यातला दाता असला, की त्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला “आपल्याच” वाटू शकतात, म्हणून शरीर त्यांना मारत नाही. त्या पेशींना मात्र रुग्णाचं शरीर परकं वाटतं. त्या रुजतात आणि त्वचा, यकृत, अस्थिमज्जा यांवर हल्ला करतात. हे दुर्मीळ आहे, पण झालं तर नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण दगावतात. नुसता फिल्टर लावून याची खात्री देता येत नाही. पिशवीवर किरणांचा मारा करावा लागतो, आणि ती सोय मोजक्याच ब्लड बँकांत असते. ताज्या रक्तात हा धोका जास्त, कारण पेशी ताज्यातवान्या असतात. “डॉक्टर, आजचं ताजं रक्त द्या” ही मागणीही त्यामुळे सोडून द्या. वीस हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात ताजं रक्त आणि जुनं, पण मुदतीतलं रक्त, यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. भावाने रक्त जरूर द्यावं, ब्लड बँकेला. ते दुसऱ्या कुणाला जाईल आणि आईला अनोळखी दात्याचं येईल. हेच सुरक्षित. पैसे घेऊन रक्त देणारा कुणी दवाखान्याच्या दारात भेटला, तर त्याच्या नादी लागू नका; सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आहे.

आईचं स्वतःचं रक्त काढून ठेवता येईल का, हेही कुणीतरी सुचवेल. ७.६ वर तो प्रश्नच येत नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन उतरलेलं दिसेल. घाबरू नका, सलाईनने रक्त पातळ झालेलंही असतं. आई खुर्चीत बसते आहे, चार पावलं चालते आहे, लघवी नीट आहे, नाडी शांत आहे, तर ८.३ किंवा ८.५ ला काही करायचं नसतं. अशा वेळी वॉर्डात येणारे पाहुणे म्हणतात, “दोन बाटल्या लावून टाका, म्हणजे ताकद येईल.” रक्त हे ताकदीचं औषध नाही. जखम भरायला प्रथिनं आणि चालणं लागतं. रोज सकाळी उगाच तीन-तीन ट्यूब रक्त तपासणीला जात असेल, तर तेही रक्तच आहे. गरज आहे का, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

आतापासून ऑपरेशनपर्यंतच्या काळात काळा डांबरासारखा मळ, लाल रक्त, छातीत दडपण, चक्कर येऊन पडणं, पोट फुगून उलट्या, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर मळ काळसर होतोच, पण डांबरासारखा चिकट आणि घाण वासाचा असेल तर तो गोळ्यांचा नाही. तशा वेळी पिशव्या लावायला सांगितल्या तर लगेच हो म्हणा.

उद्याच सर्जनना फोन करून एफसीएमबद्दल विचारा आणि भूलतज्ज्ञांची भेट ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळऐवजी याच आठवड्यात मागून घ्या. आम्हाला रुग्ण बहुधा आदल्या संध्याकाळी भेटतो, आणि तेव्हा लोहाचा विचार करायची वेळ गेलेली असते. ऑपरेशन होऊन चार आठवडे झाले की सीबीसी आणि फेरिटिन पुन्हा करा. केमो ठरली तर त्या पहिल्या भेटीला हा रिपोर्ट सोबत न्या, लोहाचा एखादा डोस बाकी असेल तर तेव्हाच देऊन टाकता येईल.